अर्जदार क्रमांक चौदा

अर्जदार क्रमांक चौदाने दोन वर्षांत घरातली पाच माणसं मारली, असं मी माझ्या प्रबंधात लिहिलं. नुसतं लिहिलं नाही. छापलं, बाइंडिंग केलं, पाच प्रती काढल्या आणि सहावी आईला पाठवली. आईने ते प्रकरण शेजारच्या काकूंना वाचून दाखवलं आणि दोघी पोट धरून हसल्या म्हणे.

आमचं विद्यापीठ एवढंसं. सहाशे विद्यार्थी, एक जेवणघर, एक सभागृह. इकडे शिंकलं की तिकडच्या इमारतीतून कुणीतरी विचारतं, सर्दी झाली का गं? सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहीत, अशी आमची समजूत. शेवटच्या वर्षी प्रत्येकाने स्वतः काहीतरी शोधून त्यावर प्रबंध लिहायचा आणि भर सभागृहात, येईल त्याच्यासमोर, त्याची व्हायवा द्यायची, ही आमच्याकडची रीत. ज्याला विशेष श्रेणी मिळते त्या एकालाच आमचा विभाग पुढे तीन वर्षं संशोधनासाठी ठेवून घेतो. जागा एक आणि टपून बसलेल्या दोघी. एक मी. दुसरी माझी रूममेट, जी लाँड्रीत काम करणाऱ्या बायकांवर लिहीत होती आणि पहाटे पाचला उठून, मला अजिबात त्रास न देता, अभ्यास करायची. असल्या माणसांचा मला मनापासून राग येतो.

मला ती जागा हवी होती, आणि नुसती नाही, जीव तोडून हवी होती. नाहीतर घरी जाऊन मामाच्या दुकानात गिऱ्हाइकांना बाथरूमच्या फरश्या दाखवत बसावं लागणार होतं. मामाने स्टूलसुद्धा आणून ठेवलं होतं.

माझा विषय होता विद्यार्थ्यांचे रजेचे अर्ज. साठ वर्षांचे, तीन हजार दोनशे. सगळे वाचले, सगळ्यांचा तक्ता केला, आणि निघालं काय, तर परीक्षा जवळ आली की या विद्यापीठातल्या पोरांच्या आज्या पटापट मरतात. पाऊस नाही, साथ नाही, पण परीक्षेच्या आठवड्यात आज्यांचा नुसता सडा! आमच्या बाई, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, हसून हसून खुर्चीतून पडायच्या बाकी होत्या. "टकळी," म्हणाल्या (माझं तोंड बंद नसतं म्हणून त्या मला टकळी म्हणतात), "हे लिही. असंच लिही."

मग मी नियम बसवला. दोन वर्षांत दोन मृत्यू मान्य. तिसऱ्यापासून पुढचा प्रत्येक मृत्यू म्हणजे थाप. हा नियम मी कुठून आणला? आपल्यावरून जग ओळखायचं, दुसरं काय! दुसऱ्या वर्षी मी स्वतः आजीला मारून चार दिवसांची रजा घेतली होती. ती अजून ठणठणीत आहे आणि फोनवर मला शिव्या घालते.

या नियमात सगळ्यात वर बसला अर्जदार क्रमांक चौदा. आजी, वडील, काका, आई, भाऊ. चाळीसेक वर्षांपूर्वीचे पाच अर्ज, सुबक अक्षर, आणि प्रत्येकात तेच एक वाक्य: घरी दुःखद घटना घडल्याने चार दिवसांची रजा मिळावी. वाक्य बदलायचेसुद्धा कष्ट नाहीत! पाचव्या अर्जावर तेव्हाच्या कुलसचिवांचा लाल शाईतला शेरा होता: 'पाचवा मृत्यू. उघड खोटेपणा. यापुढे या विद्यार्थ्याचा अर्ज स्वीकारू नये.' मी त्यावर अख्खं तिसरं प्रकरण रचलं. 'विद्यापीठाच्या इतिहासातला सर्वांत निष्ठावान थापाड्या' असं त्याला म्हटलं. पुढच्या खेपेला तो कुणाला मारणार याची कुलसचिवांना धास्ती वाटत असावी, असंही एक वाक्य होतं. बाईंनी त्या वाक्याखाली रेघ ओढून समासात लिहिलं होतं, झकास.

हे अर्ज असायचे दप्तरखान्यात, ग्रंथालयाच्या तळघरात. तिथे पेटीकाका. पुठ्ठ्याच्या पेट्या आणून देतात आणि परत नेऊन ठेवतात म्हणून पेटीकाका. कोण केव्हापासून म्हणतं कुणास ठाऊक, पण कुलगुरूसुद्धा तेच म्हणतात. काटकुळे, इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन्सिली, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. पहिल्या दिवशी त्यांनी मला भिंतीवरची पाटी दाखवली. शाईचं पेन आणू नये. एका वेळी एकच पेटी. आणि तिसरं, 'कर्मचारी कागद देतील, मत देणार नाहीत.'

"म्हणजे मी विचारलं तरी सांगणार नाही?" मी म्हटलं.

"विचारूच नका ताई," काका म्हणाले. "वाचा."

वर्षभर मी त्यांच्यासमोरच्या टेबलावर बसून वाचलं. मला मनात वाचता येत नाही. हसू आलं की मोठ्याने वाचते. तिसरं प्रकरण लिहून झालं तेव्हा पहिलं त्यांनाच वाचून दाखवलं, कारण तळघरात दुसरं होतं कोण? अगदी आवाज काढून, हातवारे करून. काका पेटीवरची धूळ पुसत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "चौथ्या अर्जाची तारीख तुम्ही सोळा लिहिलीय. एकोणीस आहे ती."

मी कागद काढून बघितला. शाई फुटलेली. भिंग लावल्यावर दिसलं, एकोणीसच.

"काका, डोळे आहेत की दुर्बीण?"

"सवय," काका म्हणाले.

प्रबंधाच्या आभारांत मी त्यांचा उल्लेख केला. 'पेटीकाका यांची आभारी आहे.' केवढा मोठेपणा केला, असं मला वाटलं होतं.

व्हायवाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. टकळी बोलणार म्हणजे करमणूक, हे सगळ्यांना ठाऊक. काका शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर. मीच त्यांना या या म्हणून आग्रह केला होता. मी अर्जदार चौदाचे पाच अर्ज, नाव झाकून, एकामागून एक पडद्यावर आणले, आणि पाचव्याला हशा एवढा झाला की मला थांबावं लागलं. रूममेटकडे नजर गेली. तीसुद्धा हसत होती. जागा मिळाली, मी मनात म्हटलं.

बाहेरून आलेले परीक्षक मात्र हसले नाहीत. सर्दीने बेजार झालेले गृहस्थ, सारखा रुमाल नाकाला. हशा ओसरू दिला आणि विचारलं, "हे पाच मृत्यू खोटे होते, हे तुम्हाला कसं कळलं?"

"सर, दोन वर्षांत पाच? एका घरात?"

"तो माझा प्रश्न झाला. तुमचं उत्तर सांगा."

"नियम... म्हणजे कुलसचिवांनीच शेरा..."

"कुलसचिवांना कसं कळलं?"

मी पडद्यावरच्या लाल शेऱ्याकडे नुसतं बोट दाखवलं. अहो, मी! माझ्या तोंडाला कधी कुलूप लागलं नव्हतं.

"अर्जावर गाव लिहिलेलं आहे," ते म्हणाले. "किती लांब आहे?"

"बसने दोन तास, सर."

"वर्षभरात एक दिवस मिळाला नाही तुम्हाला?" त्यांनी प्रत मिटली. "परवा मी परत जाणार आहे. त्याच्या आत गावची मृत्यूनोंद बघून या. नोंदी नसतील तर तुम्ही म्हणता ते खरं, आणि प्रबंध उत्तम आहे. मग पुढचं बोलू."

बाई खाली बघत होत्या. मला रागच आला सगळ्यांचा. खडूस म्हातारा, एक दिवस फुकट घालवणार माझा! पण त्याहून जास्त काही वाटलं नाही. नोंदी नसणारच होत्या.

नोंदवही बघायला मूळ कागद ज्यांच्याकडे आहेत त्यांचं पत्र लागतं. मी संध्याकाळी तळघरात गेले.

"काका, पत्र द्या एक. चौदा नंबर. त्या थापाड्याच्या थापांचं आता सर्टिफिकेट आणायचंय."

काकांनी लेटरहेड काढलं. दोन ओळी लिहिल्या. म्हणाले, "गल्लीपण घालतो. शोधायला सोपं जाईल." सही केली, पाकीट चिकटवलं आणि मला दिलं. पेटी न उघडता त्यांनी गल्ली लिहिली, हे मला तेव्हा दिसलंसुद्धा नाही. चार वर्षं समाजशास्त्र शिकत होते मी. निरीक्षणात मला सर्वांत जास्त गुण होते.

गाव दगडखाणीचं. खाण बंद पडून बरीच वर्षं झालेली, पण झाडांच्या पानांवर अजून पांढरट थर. नोंदणी कार्यालयात दोन खोल्या, एक पंखा आणि चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या एक बाई. त्यांनी पाकीट फोडलं, पत्र वाचलं, आत जाऊन दोन जाडजूड वह्या आणल्या.

"दगड फोडायच्या कारखान्याला लागून ती गल्ली," त्या म्हणाल्या. "सगळी धूळ तिथेच. त्या गल्लीला पानंच्या पानं आहेत बघा."

मग त्या बोट ठेवून वाचायला लागल्या. आजी, वय एकाहत्तर. तारीख जुळली. मी म्हटलं, ठीक, पहिली तर आपण मान्यच केली होती. वडील, वय अठ्ठेचाळीस, कारण: फुप्फुस. जुळली. काका, वय चव्वेचाळीस, कारण: फुप्फुस. मी पेन खाली ठेवलं. आई, वय बेचाळीस, एकोणीस तारीख.

एकोणीस.

"आणखी वाचू?" बाईंनी विचारलं. मी मान हलवली असणार. भाऊ, वय तेवीस, कारण: फुप्फुस. पाच. पाचही. माणसागणिक, तारखेसकट. मी ज्याच्यावर सभागृह हसवलं होतं तो पोरगा एकेकाला पोचवून परत येत होता आणि वर्गात बसत होता. वाक्य बदलायचे कष्ट नाहीत, असं मी लिहिलं होतं. कुठून आणायचं होतं त्याने दर वेळी नवीन वाक्य?

"आणि ही पोर," बाई म्हणाल्या.

"कोण पोर?"

"सहावी नोंद आहे ना. मुलगी, वय चौदा. भावानंतर दोन महिन्यांनी."

"नाही हो, पाचच अर्ज आहेत."

"अर्जाचं मला माहीत नाही. माणसं सहा आहेत." त्यांनी चष्मा काढला आणि माझं पत्र परत हातात घेतलं. "तुम्हाला घरचं माणूस भेटलंच आहे की. त्यांनाच विचारायचं."

"घरचं कोण?"

"पत्रावर सही कुणाची आहे? हेच आडनाव, आणि बापाचं नावही तेच आहे मधलं."

मी पत्र ओढून घेतलं. पहिल्यांदा बघितलं. सहीखाली, सुबक अक्षरात, नाव. जे नाव मी वर्षभर पाच अर्जांवर वाचत होते, ज्याच्या जागी मी स्वतःच्या हाताने 'चौदा' घातलं होतं. अक्षरसुद्धा तेच! तीन हजार अर्ज अक्षरावरून ओळखते म्हणून मिरवणारी मी, आणि समोर बसलेल्या माणसाचं अक्षर एकदाही बघितलं नाही. अरे देवा. मी त्यांना वाचून दाखवलं होतं. हातवारे करून!

बसमध्ये मी रडले नाही. नुसती बधिर होऊन बसले होते. शेजारच्या बाईने दोनदा विचारलं, बरं नाही का गं?

दप्तरखाना बंद व्हायला अर्धा तास होता. काका पेट्यांच्या चिठ्ठ्या लावत होते. आणि मी काय केलं? भांडले. लाज वाटली की मला भांडणच सुचतं.

"मला सांगितलं का नाही तुम्ही?"

काकांनी भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं.

"खड्ड्यात गेली ती पाटी! मी तुम्हाला थापाड्या म्हणत होते, तुमच्या तोंडावर! तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की," काका म्हणाले. "पहिल्यांदा वाचलंत त्या दिवशी जेवण गेलं नाही."

मी खुर्चीत बसले. त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला.

"पण ताई, असं आहे," ते शांतपणे म्हणाले, "इतकी वर्षं ते पाच कागद वेगवेगळ्या पेट्यांत होते. एका ठिकाणी तुम्हीच लावलेत. म्हटलं, आता कुणीतरी विचारेल."

एकोणचाळीस वर्षं हा माणूस कुणीतरी विचारण्याची वाट बघत होता, आणि मी विचारलं नाही.

"बहीण," मी म्हटलं. सहाव्या नोंदीची नक्कल त्यांच्यासमोर ठेवली.

काकांनी टेबलाचा खण उघडला. सगळ्यात खालून एक पातळ फाइल काढली. तिच्यात एकच कागद. 'माझी धाकटी बहीण फार आजारी आहे. तिने मला बोलावले आहे. दोन दिवसांची रजा मिळावी. मी खोटे बोलत नाही.'

"ऑफिसात घेतलाच नाही," काका म्हणाले. "पाचव्यावर शेरा होता ना, अर्ज स्वीकारू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी पेपर. रजेशिवाय गेलो तर वर्ष बुडणार. तिला कळवलं, पेपर झाला की येतो. पेपर दिला. चांगला गेला." त्यांनी कागदाचा दुमडलेला कोपरा सरळ केला. "संध्याकाळी पोचलो. दुपारीच गेली होती."

"मग?"

"मग कसले पेपर. नाव कमी झालं. इथल्या तेव्हाच्या ग्रंथपालांनी म्हटलं, पेट्या उचलशील का? घरी कुणी नव्हतंच. राहिलो."

मी त्या कागदाकडे बघत राहिले. मग म्हटलं, "काका, किल्ल्या तुमच्याकडे. हा पेटीत ठेवायचा होतात. बाकीच्या पाचांबरोबर. कुणाला कळलं असतं?"

"शिक्का नाही त्याच्यावर," काका म्हणाले. "ऑफिसचा आवक शिक्का नसला तर कागद पेटीत जात नाही."

"पण तो खरा आहे!"

"आहे ना. म्हणून तर खोटेपणाने नाही ठेवायचा." ते फाइल मिटायला लागले. मी त्यांचा हात धरला.

जागेचं काय झालं ते सांगून टाकते, म्हणजे विषय संपला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी परीक्षकांसमोर नोंदींच्या नकला ठेवल्या आणि तिसरं प्रकरण मागे घेतलं. काकांना विचारून. ते म्हणाले, नंबर चौदाच राहू द्या, नाव नको. बाईंनी उभं राहून सांगितलं की ती रेघ त्यांनी ओढली होती, चूक त्यांचीही आहे. प्रबंध पास झाला, विशेष श्रेणी गेली, जागा रूममेटला मिळाली. ती रडली, मी तिला गप्प केलं. मामाला स्टूल पुसून ठेवायला सांगितलंय. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण त्याआधी सकाळी जे झालं ते मला जन्मभर पुरेल.

सकाळी दहाला मी काकांना ओढत ऑफिसात नेलं. "नको ताई, आता काय त्याचं," असं ते जिना चढेपर्यंत म्हणत होते. काउंटरवर आवक-जावकच्या बाई, समोर अर्जांचा हा ढीग, परीक्षेचे दिवस ना. मागे रांग. त्या मान वर न करता एका हाताने वहीत लिहीत होत्या आणि दुसऱ्या हाताने शिक्के मारत होत्या. मी कागद सरकवला.

"तारीख आजचीच पडेल हं," त्या म्हणाल्या. "काय आहे?"

"रजेचा अर्ज."

"किती दिवस?"

माझ्या आधी काकाच बोलले. "दोन."

"कारण?"

"बहीण आजारी आहे." काकांचा आवाज मला ओळखू आला नाही. "बोलावलंय तिने."

बाईंनी धाडकन शिक्का मारला आणि कागद बाजूच्या गठ्ठ्यावर टाकला. "दोनच दिवस ना? मग जाऊ द्या की पोराला," त्या म्हणाल्या. "बहीण आजारी म्हटल्यावर कोण अडवतंय?"

काका हो म्हणाले. पण त्यांना काउंटर सोडून हलता येईना, आणि आमच्या मागे रांग वाढत गेली.